अडगावची तोफ आणि पंचबोलचं उत्तर: वऱ्हाडाच्या कानानं ऐकलेला ध्वनी

इअरफोन कानात असतील तर आधी आवाज दोन घरं कमी करा. का, ते पुढं येईलच.

आज आपण ध्वनी या विषयावर बोलणार आहोत. वारंवारता, आयाम, प्रतिध्वनी, निनाद असे नववीच्या पुस्तकात पाठ केलेले आणि परीक्षा झाली की विसरलेले शब्द. मला ते पुस्तकातून नाही सांगायचे. ते अकोला-अमरावतीतून सांगायचे आहेत, कारण या शब्दांमागची बरीच गोष्ट आपल्याच मातीत घडलेल्या प्रसंगांवर टेकवून सांगता येते. म्हणून सुरुवात एका लढाईपासून.

२९ नोव्हेंबर १८०३. ठिकाण अडगाव, म्हणजे आताच्या अकोला जिल्ह्यातलं, तेल्हारा तालुक्यातलं. इंग्रजांनी त्याचं 'अर्गाम' करून टाकलं आणि जगभरच्या लष्करी इतिहासात ते तसंच छापलं जातं. एका बाजूला नागपूरकर भोसल्यांचं सैन्य आणि शिंद्यांचे घोडेस्वार. दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, जो पुढं वेलिंग्टनचा ड्यूक झाला आणि वॉटर्लूला नेपोलियनला भिडला. दुपार कलत आली होती. कंपनीच्या फौजा गावाजवळून पुढं सरकत होत्या, तेवढ्यात भोसल्यांच्या तोफा सुरू झाल्या. आणि कंपनीच्या तीन पलटणी फुटल्या. मागं वळल्या आणि पळत सुटल्या.

गंमत बघा. याच पलटणी दोन महिने आधी असईच्या लढाईत ठाम उभ्या होत्या, आणि तिथला तोफांचा मारा अडगावपेक्षा कितीतरी भयंकर होता. हे खुद्द वेलस्लीनंच लिहून ठेवलंय. तो स्वतः जवळ होता म्हणून त्यानं त्यांना गोळा करून पुन्हा रांगेत आणलं. आपण तिथं नसतो तर दिवस हातचा गेला असता, असा त्याच्या लिहिण्याचा सूर आहे. पलटणी का फुटल्या यावर इतिहासकार बोलत राहतील. माझं लक्ष मात्र एकाच गोष्टीकडं जातं: तोफा *सुरू होताच* फुटल्या. म्हणजे किती माणसं पडली हे मोजायला वेळ मिळायच्या आतच. त्या पहिल्या क्षणी माणसापर्यंत पोचतं काय? आधी उजेड, मग गोळा किंवा धडाका.

या 'किंवा'वर जरा थांबू. त्या काळच्या तोफेतून सुटताना लोखंडी गोळ्याचा वेग आवाजाच्या वेगापेक्षा जास्त असायचा. पण हवा गोळ्याला रोखत जाते, तो हळू होत जातो. आवाजाचा वेग मात्र अंतर वाढलं म्हणून कमी होत नाही. आवाज फक्त क्षीण होतो. त्यामुळे तोफेच्या जवळ असलेल्याला आधी गोळा आणि मग धडाका. फार लांब असलेल्याला आधी धडाका, आणि गोळा त्याच्या मागून. मधे कुठंतरी अशी एक जागा असणार, जिथं दोन्ही एकदमच येतात. अडगावच्या शेतात उभं राहून मी या जागेचा विचार करत बसतो. विचित्र छंद आहे, मान्य.

आता धडाका म्हणजे नेमकं काय आलं? तोफेजवळची हवा उडून अडगावच्या वेशीपर्यंत आली का? नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याच्या कावड यात्रेच्या गर्दीत कधी अडकला असाल तर हे लगेच समजेल. मागून कुणीतरी ढकलतं. तो धक्का तुमच्या खांद्यातून पुढच्याला, त्याच्याकडून त्याच्या पुढच्याला, असा पन्नास माणसं पार जातो. माणसं मात्र आपापल्या जागेवर थोडी पुढं-मागं होऊन तिथंच राहतात. हवेचे कण तेच करतात. जिथं कण दाटले तिथं संपीडन, जिथं विरळ झाले तिथं विरलन. दाट-विरळ-दाट-विरळ अशी रांग पुढं सरकते, तिचं नाव ध्वनितरंग. गर्दीच नसेल तर धक्का पुढं जाणार कसा? म्हणून निर्वात जागेत आवाज नाही. चंद्रावर तोफ डागली तर उजेड दिसेल, धडाका नाही.

एका सेकंदात असे किती धक्के कानावर आदळले, ती वारंवारता. मोजायचं एकक हर्ट्झ. धक्का किती जोराचा, तो आयाम. आणि एका दाटीपासून पुढच्या दाटीपर्यंतचं अंतर, ती तरंगलांबी. वारंवारता वाढली की स्वर चढा लागतो, आयाम वाढला की आवाज मोठा होतो. एवढं पक्कं करा, कारण बोलताना आपण दोन्हींची हमखास गल्लत करतो. 'आवाज चढवू नको' असं आई म्हणते तेव्हा तिला बहुतेक दोन्ही म्हणायचं असतं.

लढाईकडं परत. अडगावनंतर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन गाविलगडाकडं वळले. चिखलदऱ्याला गेला असाल तर गाविलगड पाहिलाच असेल, निदान दरवाजापाशी फोटो तरी काढला असेल. किल्लेदार होता बेनीसिंग. स्टीव्हन्सननं अवजड तोफा डोंगरांतून ओढत, रस्ता तयार करत करत उत्तरेच्या बाजूला आणल्या; वेलस्ली दक्षिणेकडं राहिला. तिकडच्या चढावर मोठ्या तोफा नीट चढवताच येईनात, म्हणून त्या बाजूच्या माऱ्याचा फारसा उपयोग झाला नाही. उत्तरेकडून भिंतीला खिंडार पडलं आणि १५ डिसेंबर १८०३ ला गड गेला. बेनीसिंग लढताना पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला, आणि त्यातून वऱ्हाड भोसल्यांच्या हातून सुटून निजामाकडं गेलं. आपल्या भागाचा पुढचा सगळा इतिहास त्या तीन आठवड्यांत वळला.

त्या तोफा डागणाऱ्या गोलंदाजांना एक गोष्ट रोजच्या अनुभवानं ठाऊक होती. समोरच्या तोफेचा उजेड दिसला की मोजायला लागायचं. धडाका ऐकू येईपर्यंत जितके सेकंद, त्याला तीननं भागलं की ती तोफ साधारण तितक्या किलोमीटरवर. (त्यांचं माप मैलांचं होतं, पण हिशोब हाच.) तुम्ही विजेसाठी हेच करू शकता. वीज चमकली आणि नऊ सेकंदांनी गडगडलं, म्हणजे ती तीन किलोमीटर लांब.

पण हा वेग नेमका किती, यावर युरोपातल्या मोठमोठ्या लोकांनी डोकं फोडलं. न्यूटननं १६८७ च्या ग्रंथात तो गणितानं काढला, आणि उत्तर प्रत्यक्षापेक्षा साधारण १५ टक्क्यांनी कमी आलं. न्यूटनचं गणित चुकतं म्हणजे काय! शंभराहून जास्त वर्षं ही खुसपट तशीच राहिली. मग फ्रान्सच्या लाप्लासनं कारण सांगितलं: हवा दाबली की ती किंचित तापते, आणि ध्वनितरंग इतका झटपट जातो की ती उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तापलेली हवा जास्त जोरानं परत ढकलते, म्हणून वेग वाढतो. सायकलच्या पंपानं हवा भरताना पंपाचं तोंड गरम लागतं ना, तोच प्रकार.

आणि इथं हिंदुस्थान येतो. मद्रासच्या वेधशाळेत जॉन गोल्डिंगहॅम नावाचा कंपनीचा खगोलज्ञ होता. मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यावर आणि सेंट थॉमस माउंटवर रोज ठरल्या वेळी तोफ होत असे. १८२०-२१ मध्ये गोल्डिंगहॅमनं वेधशाळेतून उजेड पाहायचा, धडाका ऐकायचा आणि मधले ठोके मोजायचे, असं महिनोन्‌महिने केलं. सोबत तापमान, हवेचा दाब, दमटपणा, वारा यांची नोंद. १८२३ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. त्यातून दिसलं की आवाजाचा वेग वर्षभर सारखा नसतो, तो ऋतूप्रमाणे बदलतो. अडगावला पळालेल्या आणि परत फिरलेल्या पलटणीही मद्रासच्याच होत्या. जी तोफ एका ठिकाणी माणसं मारत होती, तीच सतरा-अठरा वर्षांनी दुसरीकडं विज्ञानाचं उपकरण झाली. मला हा योगायोग फार अस्वस्थ करतो, पण तो आहे.

ऋतूंचं गणित मद्रासपेक्षा वऱ्हाडात जास्त मजेदार. शून्य अंशाला हवेत आवाज सेकंदाला ३३१ मीटर जातो, आणि दर अंशाला साधारण ०.६ मीटरनं वाढतो. अकोल्यात मे महिन्यात ४५ अंश, ते तर आपल्याला नवीन नाही. म्हणजे ३५८ मीटर. चिखलदऱ्याला डिसेंबरच्या पहाटे ५ अंश धरा. ३३४ मीटर. सेकंदामागं २४ मीटरचा फरक! अकोल्याच्या उन्हानं कुणाचं काही भलं केलं असेल तर ते एवढंच, की आमच्या शिव्या जरा लवकर पोचतात.

चिखलदऱ्याला आलोच आहोत तर पंचबोल. तिथं जाऊन ओरडल्याचे रील तुम्ही पाहिले असतील, केलेही असतील. 'पंचबोल' हे नावच सांगतं की दरीत हाक दिली की ती पुन्हा पुन्हा परत येते. एकाच हाकेची अनेक उत्तरं कशी? समोर एकच कडा नसतो. एक जवळ, एक लांब, एक कोपऱ्यात. तुमचा आवाज प्रत्येकावर जाऊन आदळतो आणि आपापल्या वेळेला परततो. शिवाय एका कड्यावरून दुसऱ्यावर आणि तिथून तुमच्याकडं असा लांबचा फेराही मारतो. प्रत्येक फेरीत थोडा आयाम गळतो, म्हणून शेवटचं उत्तर दमलेलं येतं.

ऐकलेला आवाज आपल्या मेंदूत सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा रेंगाळतो. परत आलेला आवाज त्याच्या आत पोचला तर तो मूळ आवाजातच मिसळतो, वेगळा ऐकू येत नाही. म्हणून स्वतंत्र प्रतिध्वनीसाठी समोरची भिंत निदान १७ मीटरवर हवी: जाऊन-येऊन ३४ मीटर, म्हणजे ०.१ सेकंद. त्याहून जवळच्या भिंतींवरून आवाज पुन्हा पुन्हा आदळत राहिला की जो घुमण्याचा प्रकार होतो, तो निनाद. नवीन घरात सामान लावायच्या आधी बोलून बघा. गादी-पडदे आले की तो घुमणं बंद होतं, कारण कापूस आवाज पिऊन टाकतो. कापसाचा हा उपयोग आपल्याकडं कुणी फारसा सांगत नाही!

आता तुमच्या खिशातल्या वेधशाळेचं काम. पंचबोलला फोनचं रेकॉर्डर सुरू करा आणि एक जोरदार टाळी वाजवा. ओरडू नका, हाक लांब असते, टाळी टोकदार. नंतर ते रेकॉर्डिंग आलेख दाखवणाऱ्या कोणत्याही अॅपमध्ये उघडा. पहिला उंच काटा तुमची टाळी, पुढचे छोटे काटे म्हणजे उत्तरं. मधली वेळ सेकंदात मोजा, तिला त्या दिवशीच्या आवाजाच्या वेगानं गुणा, दोननं भागा. कडा किती लांब ते आलं. एक सेकंद लागला तर साधारण १७० मीटर. फोन सहसा सेकंदाला ४४,१०० वेळा हवेचा दाब नोंदवतो. दोन नोंदींच्या मधे आवाज पाऊण सेंटिमीटर सरकतो. गोल्डिंगहॅमला हे दिलं असतं तर तो वेडा झाला असता. बरं, हा ४४,१०० आकडा कुठून आला? माणसाचा कान २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो. एखादा तरंग नीट नोंदवायचा तर त्याच्या वारंवारतेच्या दुपटीहून जास्त नोंदी लागतात. म्हणून चाळीस हजारांच्या थोडं वर. आणि हो, कठड्याच्या अलीकडं उभे राहा. काटा मोजायला माणूस जिवंत लागतो.

आता खंजेरी. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत १९०९ साली जन्मलेले तुकडोजी महाराज, मोझरीचा गुरुकुंज, आणि हातातली ती खंजेरी. ही आपल्या भागाची खूणच आहे. प्रश्न असा: तबला 'सा'ला मिळवता येतो, मग खंजेरी का नाही? ताणलेल्या चामड्यावर थाप मारली की ते एकाच वारंवारतेनं थरथरत नाही. मुख्य स्वरासोबत वरचे अनेक स्वर उठतात. तारेत हे वरचे स्वर मुख्य स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सरळ हिशोबात येतात, म्हणून सतार गोड. साध्या गोल चामड्यात ते १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे वेडेवाकडे येतात, म्हणून कान एक स्वर धरू शकत नाही. तबल्याच्या मधोमध जी काळी शाई असते, ती चामडं जड करून हे वरचे स्वर सरळ हिशोबात ओढून आणते. सी. व्ही. रामन यांनी हे शोधून १९२० मध्ये एका सहकाऱ्यासोबत 'नेचर'मध्ये छापलं. नोबेलच्या दहा वर्षं आधी. शाई लावणाऱ्या अनाम कारागिरांना ते शेकडो वर्षं कानानं माहीत होतं.

खंजेरीला शाई नाही, वर कड्याला झांजा. त्यांचा छनछनाट फार चढ्या वारंवारतेचा, गर्दीच्या गुणगुणीवरून उडी मारून जाणारा. स्वर सारखा असूनही दोन वाद्यं वेगळी ओळखू येतात, ती या वरच्या स्वरांच्या मिश्रणामुळं. त्याला ध्वनीचा पोत किंवा गुण म्हणतात. आईचा 'हॅलो' पहिल्या अक्षराला ओळखू येतो तो त्यामुळंच. आणि अकोला जिल्ह्यातले सत्यपाल महाराज एकदम सात खंजेऱ्या वाजवतात तेव्हा नीट ऐका: आकार आणि ताण बदलला की तेच चामडं वेगळं बोलतं. ताण वाढवा, स्वर चढतो. पावसाळ्यात चामडं ओल धरून सैल पडतं, मग ते विस्तवाजवळ शेकावं लागतं.

खंजेरीच्या उलट डीजे. आपल्या मिरवणुकांत हल्ली छातीत धडधडतं ते कमी वारंवारतेमुळं. ५० हर्ट्झची तरंगलांबी सात मीटर भरते, आख्ख्या खोलीएवढी. ती कोपऱ्यावरून वळते, भिंत हलवून आत येते. ५,००० हर्ट्झची तरंगलांबी फक्त सात सेंटिमीटर, ती दार लावलं की अडते. म्हणून दोन गल्ल्या पलीकडच्या डीजेचं गाणं कळत नाही, फक्त धप्-धप् कळतं. आजारी म्हाताऱ्या माणसाला तेवढंही पुरतं. डेसिबलचा आकडाही फसवा आहे. १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची तीव्रता दहापट, २० वाढले म्हणजे शंभरपट. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ ही मर्यादा आहे. आता स्पीकरजवळ शंभर डेसिबल धरा आणि ५५ पासून हिशोब तुम्हीच करा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे चार पावलं मागं सरकण्याला खरंच अर्थ आहे. इअरफोनला मात्र मागं सरकता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं ८० डेसिबल आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक. त्यापुढं दर ३ डेसिबलला वेळ अर्धा. कानातल्या केसासारख्या पेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. म्हणून सुरुवातीला दोन घरं कमी करायला सांगितलं, राजेहो.

आणि शेवटी शकुंतला. मूर्तिजापूरहून दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरला जाणारी ती अरुंद रुळांची गाडी. अकोला जिल्ह्यात सुरू, अमरावती जिल्ह्यात संपत. कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला न्यायला टाकलेली लाइन, आणि इंजिनही मँचेस्टरलाच १९२१ मध्ये बनलेलं. १९९४ पर्यंत ते वाफेचं इंजिन धावलं, मग डिझेल आलं, आता तर रूळच गवतात गेलेत. गाडी परत सुरू करा ही मागणी अजून चालू आहे.

गाडी जवळ येताना शिट्टी चढी आणि दूर जाताना उतरलेली ऐकू येते. ऑस्ट्रियाच्या डॉपलरनं १८४२ मध्ये हे सूत्रात मांडलं. १८४५ मध्ये नेदरलँड्समध्ये बाईज बॅलट यांनी उघड्या डब्यात कर्णेवाले बसवून आणि रुळाशेजारी तयार कानाचे वादक उभे करून ते तपासलं. शकुंतला ताशी २० किलोमीटरच्या आसपास रमतगमत जायची. त्या वेगाला येतानाच्या आणि जातानाच्या स्वरात फरक पडतो तो सा आणि कोमल रे यांच्यातल्या अंतराच्या जेमतेम अर्धा. बडनेऱ्यावरून ताशी शंभरनं जाणाऱ्या गाडीत तोच फरक शुद्ध रे ओलांडून कोमल ग च्या जवळ पोचतो. म्हणजे डॉपलर शिकायचा तर बडनेऱ्याला जावं, शकुंतलेत तो जवळजवळ नव्हताच!

पण हिवाळ्याच्या रात्री तिची शिट्टी कोसभर लांबच्या गावांत ऐकू यायची, असं जुनी माणसं सांगतात, आणि ते नुसतं आठवणींचं कौतुक नाही. रात्री जमीन आधी गार होते, तिच्यालगतची हवा गार आणि वरची त्यामानानं उबदार. उबदार हवेत आवाज वेगानं जातो, त्यामुळं वर निघालेला तरंग वाकून पुन्हा खाली येतो. दुपारी नेमकं उलटं: तापलेल्या जमिनीवरून आवाज वर वळतो आणि डोक्यावरून निघून जातो. शिट्टी तीच, आयाम तोच, रस्ता वेगळा.

तुमच्या घरात १९९४ आधीची एखादी कॅसेट असेल, लग्नाची, भजनाची, कशाचीही, आणि तिच्यात मागं कुठंतरी शकुंतलेची वाफेची शिट्टी आली असेल, तर आम्हाला कळवा. कॅसेटचा वेग थोडा इकडं-तिकडं असतो, पण शिट्टीतल्या वरच्या स्वरांचं गुणोत्तर त्यानं बदलत नाही. त्यावरून ती शिट्टी कशी बोलायची हे काढता येईल. पुढच्या भागात भेटू.